केळीचं खोड कोणत्या विद्याशाखेत बसतं? माझ्या भाचीच्या पीएचडी अर्जाचं प्रकरण

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं, कारण आमच्याकडे दरवर्षी दोन-चार पोरंपोरी पीएचडीचा अर्ज कोणत्या विद्याशाखेत, म्हणजे फॅकल्टीत, करायचा नेमकी ह्याच जागी येऊन अडकतात आणि घरात सांगणारं कोणीच नसतं. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. भाची माझ्या मोठ्या ताईची, चोपडा तालुक्यातली, दाजींची तापीकाठी केळी आहे. तिचं एक वर्ष गेलं आणि ते माझ्या सल्ल्याने गेलं. त्यात विद्यापीठाचा काही दोष नव्हता, मी नाव वाचून अर्थ लावला आणि तो चुकीचा निघाला.

आधी तिचा प्रश्न काय होता ते सांगतो. केळीच्या झाडाला घड एकदाच येतो, घड कापला की खोडाचं काम संपलं, पुढचं पीक बुडाशी फुटलेल्या पिलावर घ्यायचं. कांदेबाग, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी, निघाली की दाजींच्या बांधावर खोडांचा ढीग लागतो, अंगात पाणी इतकं की वाळता वाळत नाही, जाळताही येत नाही. हल्ली काही ठिकाणी मशीन लावून खोडाचा धागा काढतात, पण धागा काढल्यावरही ओला चोथा उरतोच आणि तो धाग्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. आता केळीत काम करणारा माणूस बागेत जायचे कपडे वेगळे ठेवतो, कारण चिकाचा डाग कापडावर पडला की तो काही निघत नाही. भाचीने लहानपणापासून ताईला ते कपडे वेगळे धुताना बघितलेलं. एमएस्सी पर्यावरणशास्त्र करताना तिला वाटलं की कापडाचं आणि ह्या झाडाचं एवढं जमत असेल तर उलटं करून बघू, रंगारी कारखान्याचं जे रंगीत पाणी बाहेर पडतं त्यातला रंग हा चोथा धरून ठेवेल का. हा तिचा पीएचडीचा विषय. मला तर ऐकल्याबरोबर आवडला, शेतातून निघालेला प्रश्न होता तो.

तिची एमएस्सी आपल्या विद्यापीठाच्या बांभोरीच्या कॅम्पसवरच झाली, २०२२ ला. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं, त्याआधी आपल्याकडची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, एखादा कागद अडला तर पुण्याची गाडी धरावी लागायची, आमच्या आधीच्या पिढीतल्या कोणालाही विचारा. नाशिक पुण्याकडेच राहिलं, त्यामुळे नाव उत्तर महाराष्ट्र असलं तरी क्षेत्र म्हणजे आपला खान्देशच, जळगाव, धुळे आणि १९९८ ला धुळ्यातून निघालेला नंदुरबार. आसोद्याच्या बहिणाबाईंचं नाव २०१८ मध्ये लागलं. कॅम्पस गिरणेकाठी ६५० एकरांच्या आसपास पसरलेला, चोपड्याहून धरणगाव-पाळधीमार्गे येताना लागतो. पहिल्यांदा येणारा माणूस गेटवर उतरला की त्याला इमारती दिसतात आणि प्रत्येक इमारतीवर पाटी, अमुक प्रशाळा तमुक प्रशाळा. त्याला वाटतं की विद्यापीठाची रचना म्हणजे ह्याच पाट्या. मलाही तसंच वाटत होतं, आणि मी तर ह्या क्षेत्रातला माणूस.

तर भाची हा प्रश्न घेऊन २०२३ मध्ये चार ठिकाणी फिरली, आणि हे फिरणं वाया गेलं असं मी अजिबात म्हणणार नाही. जीवशास्त्रवाल्यांनी विचारलं की चोथा कुजायला किती दिवस लागतात आणि त्यात कोणते जिवाणू येतात. रसायनवाल्यांना त्यातलं सेल्युलोज आणि लिग्निन, म्हणजे खोडाच्या तंतूतली द्रव्यं, वेगळं काढण्यात रस. केमिकल टेक्नॉलॉजीची आपली जी यूआयसीटी आहे तिथे एकाने सरळ विचारलं की दिवसाला किती टन माल हाताळणार आणि वाळवायला उष्णता कुठून आणणार. पर्यावरणात तिच्याच जुन्या मॅडम, त्या म्हणाल्या रंग धरून ठेवलेला चोथा शेवटी टाकणार कुठे, तो स्वतःच कचरा झाला ना. एकच खोड, चार दारांत चार प्रश्न, आणि चारही बरोबर. वर दाजींचं म्हणणं असं की जळगावात केळी संशोधन केंद्र आहेच की, तिथेच जाऊ दे ना पोरीला. आता ते केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. कृषी विद्यापीठांना कायदा वेगळा, पदव्या वेगळ्या, बांभोरीशी त्याचा कारभाराचा काही संबंध नाही, जसं मेडिकलची कॉलेजं कुठल्याही जिल्ह्यात असली तरी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे असतात. गाव एक असलं म्हणून विद्यापीठ एक नसतं. हे दाजींना पटवायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली.

आणि इथे मी चूक केली. मी म्हटलं, अगं तुझा विषय मिक्स आहे, चार शास्त्रं आहेत त्यात, आणि नवीन कायद्यात एक विद्याशाखाच आहे आंतरविद्याशाखीय अभ्यास नावाची, तू तिथे अर्ज कर. मला स्वतःचा अभिमानच वाटला होता त्या दिवशी. ती बिचारी त्या विद्याशाखेत मार्गदर्शक शोधत बसली. मार्गदर्शकांच्या यादीत बघते तर शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, समाजकार्य. तिला वाटलं यादी अपुरी आहे, आणखी एखादी यादी येईल, म्हणून थांबली. मीही म्हटलं थांब. तेवढ्यात पेटच्या, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षेच्या, अर्जाची मुदत निघून गेली.

झालं असं की महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, जो १ मार्च २०१७ पासून लागू झाला, त्यात राज्यातल्या ह्या विद्यापीठांसाठी चारच विद्याशाखा ठेवल्या, विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. आधीच्या १९९४ च्या कायद्याच्या वेळी विद्याशाखा बऱ्याच होत्या, विज्ञान वेगळी, अभियांत्रिकी वेगळी, औषधनिर्माण वेगळी, विधी वेगळी. त्या सगळ्या ह्या चारांत घातल्या. बीएड, बीपीएड, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, समाजकार्य असे जे विषय पहिल्या तिघींत नीट बसत नव्हते ते चौथीत गेले. म्हणजे ‘आंतरविद्याशाखीय’ ह्याचा अर्थ दोन शास्त्रं एकत्र करून संशोधन करणाऱ्याची जागा असा नाहीच तिथे, ते एका गटाचं नाव आहे. माझा स्वतःचा विषय, ग्रंथालयशास्त्र, त्याच विद्याशाखेत आहे हो, पण माझी पदवी जुन्या कायद्यातली, नवीन रचनेत आपला विषय कुठे गेला हे मी कधी बघितलंच नव्हतं. ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

गोंधळात भर म्हणजे त्याच कायद्यात विद्यापीठ विभाग व आंतरविद्याशाखीय अभ्यास मंडळ असंही एक प्राधिकरण आहे. ते ह्या विद्याशाखेपेक्षा पूर्ण वेगळं, त्याचं काम कॅम्पसवरच्या विभागांचा अभ्यासक्रम-संशोधन ह्यात मेळ घालायचं. नावं इतकी सारखी की बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं. नाव ठेवताना एखाद्या विद्यार्थ्याला वाचायला देऊन बघितलं असतं तर बरं झालं असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मी सुट्टी काढून दोन दिवस कायदा वाचला, वाचनालयात होताच, आणि कॅम्पसवर जाऊन ओळखीच्या प्राध्यापकांना विचारलं. जे समजलं ते असं. प्रशाळा म्हणजे जिथे तुम्ही बसता, प्रयोग करता, फी आणि हजेरीचं बघता. पण तुमची पदवी, तुमचा विषय, तुमचा मार्गदर्शक हे सगळं विषयाच्या नावाने चालतं, इमारतीच्या नावाने नाही. प्रत्येक विषयाला किंवा विषयांच्या गटाला एक अभ्यासमंडळ असतं. त्यात कॅम्पसवरचे लोक असतात तसे संलग्न कॉलेजातले शिक्षकही असतात, कारण विद्यापीठ दोन कामं एकदम करतं, स्वतःच्या प्रशाळांत शिकवतं आणि तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे अभ्यासक्रम-परीक्षाही चालवतं. अभ्यासक्रमात एक पेपर बदलायचा तर सुरुवात ह्या अभ्यासमंडळात होते, मग ते विद्याशाखेकडे जातं, मग कुलगुरूंच्या अध्यक्षतेखालच्या विद्या परिषदेकडे. पैसा आणि मालमत्ता बघते ती व्यवस्थापन परिषद, आणि अधिसभा म्हणजे ज्याला आपण सगळे सिनेट म्हणतो, ती अर्थसंकल्पाच्या वेळी पेपरात गाजते, पण विद्यार्थ्याच्या रोजच्या आयुष्याशी तिचा संबंध कमीच. विद्याशाखेचा प्रमुख म्हणजे अधिष्ठाता, डीन. जुन्या कायद्यात डीन निवडून यायचे, आता पूर्णवेळ नेमले जातात. बीसीयूडी, म्हणजे महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ, जे पूर्वी होतं, ज्याच्या नावाने जुने लोक अजून पत्र लिहितात, ते नवीन कायद्यात गेलं आणि प्र-कुलगुरू हे पद प्रत्येक विद्यापीठात आलं. परीक्षेचं खातं परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे.

आता एवढी पदं पाठ करायची कोणाला गरज नाही. पण पीएचडीवाल्या पोरीला एक गोष्ट कळायलाच हवी होती, की तिच्या अर्जावर विषय म्हणून जे नाव लिहिलं जाईल त्यावरून पुढचं सगळं ठरणार. पेट कोणत्या विषयाची द्यायची ते त्यावरून, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रवेश परीक्षेचे निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे आणि निम्मे त्या विषयाचे असतात. मार्गदर्शक त्या विषयात मान्यता असलेलाच लागतो. संशोधन व मान्यता समिती, आरआरसी, जी विषय मंजूर करते, तिथेही बसलेले लोक त्याच विषयाचे. शेवटी प्रबंध तपासायला जे जातात तेही. म्हणजे पर्यावरणशास्त्रात नाव लागलं तर सहा वर्षं पर्यावरणवाल्यांच्या नजरेतून तुमचं काम बघितलं जाणार आणि रसायनात लागलं तर रसायनवाल्यांच्या. प्रयोग तुम्ही कुठल्याही इमारतीत करा.

मार्गदर्शकाचंही असं आहे की त्यांच्याकडे जागा मोजक्या असतात. प्राध्यापकाला एका वेळी ८ विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. रसायनातले ज्या सरांना भाचीचा विषय मनापासून आवडला होता त्यांच्याकडे जागाच नव्हती, आणि असती तरी तिची एमएस्सी पर्यावरणशास्त्रातली, रसायनाची पेट देणं तिला जड गेलं असतं. जागा कुठे आहे हे पाहिल्याशिवाय विषयावर जीव टाकू नये, हे मी आता सगळ्यांना सांगतो.

मग जो मार्ग निघाला तो तसा साधाच होता आणि पहिल्याच वर्षी निघू शकला असता. नोंदणी पर्यावरणशास्त्रात, विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखेत. मार्गदर्शक त्याच मॅडम ज्यांनी विचारलं होतं की चोथा शेवटी टाकणार कुठे. रसायनातले सर सहमार्गदर्शक, यूजीसीच्या नियमांत त्याच संस्थेतला किंवा बाहेरचाही सहमार्गदर्शक मंजुरीने घेता येतो. म्हणजे खरं मिश्रण जे व्हायला पाहिजे होतं ते विद्याशाखेच्या नावात नसून ह्या दोन सह्यांमध्ये होतं. तिला जे दोन शास्त्रांचं एकत्र काम करायचं होतं त्याची सोय नियमात होतीच, मीच तिला भलत्या दारात उभं केलं.

पण अजून एक अडचण आली आणि ती मला सगळ्यात शिकवून गेली. भाचीने आराखडा लिहिला, सिनॉप्सिस. आम्ही ताईच्या घरी ओसरीवर बसलेलो, कागद पसरलेले, दाजी बाजूला सुपारी कातरत. शीर्षक इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ असा की केळीच्या खोडातील सेल्युलोज वेगळे करणे व रंग शोषण्यासाठी त्याचा वापर. मॅडमनी त्यावर पेन्सिलने फक्त एका शब्दाभोवती गोल काढून परत पाठवलं होतं, सेल्युलोज. खाली लिहिलेलं, हा शब्द पहिला का? भाचीला राग आला, म्हणाली, “मामा, कामच ते आहे ना माझं!” मलाही आधी कळेना. मग फोन केला तर मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हे शीर्षक वाचून समिती पहिलं हेच विचारणार की तू रसायनात का नाही गेलीस, आणि त्यांचं चुकणार नाही. पर्यावरणाचा प्रश्न काय आहे तुझा? पाणी. मग पाणी पुढे घे.”

भाचीने दोन-तीन वेळा खोडलं, शेवटी झालं ते असं की रंगयुक्त सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी केळीच्या खोडातील चोथ्याचा उपयोग. काम तेच, प्रयोग तेच, उपकरणंही तीच. पण पाणी पुढे आल्यावर आराखडाच बदलला की हो. आधी ती चोथा किती शुद्ध करता येईल ह्याच्या मागे होती, आता तिने एक प्रकरणच वाढवलं की रंग धरलेला चोथा वापरून झाल्यावर त्याचं काय करायचं, म्हणजे मॅडमचा पहिल्या दिवशीचा प्रश्न. आणि शुद्ध करणं कमी केलं, कारण रसायनं घालून शुद्ध करायचं म्हटलं तर ते रसायनांचं पाणी पुन्हा कुठे सोडणार. लोक म्हणतात विषयांच्या भिंती नुसत्या अडवतात, सगळं मोकळं करून टाका. मी त्या मताचा राहिलो नाही. ज्या विषयात तुम्ही उभे राहता तो तुम्हाला एक विशिष्ट प्रश्न सतत विचारत राहतो आणि त्या प्रश्नाने काम घट्ट होतं. फक्त आत शिरायच्या आधी माणसाला माहीत पाहिजे की इथे कोणता प्रश्न विचारला जाणार.

२०२४ मध्ये पेट दिली, मुलाखत झाली, नाव लागलं. मग कोर्सवर्क, किमान १२ क्रेडिट, त्यात संशोधनातल्या नीतिमत्तेचा पेपरही आला. आता दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीपुढे, आरएसीपुढे जाऊन झालेलं काम मांडायचं. ती समिती म्हणजे मोठा आधार आहे, पहिल्याच बैठकीत एका सदस्याने विचारलं की मृगबागेचं, म्हणजे जूनच्या सुमारास लावलेल्या केळीचं, खोड आणि कांदेबागेचं खोड तू एकत्र धरणार का वेगळं, कारण दोन्हीच्या कापणीचा हंगाम वेगळा, मग पाण्याचं प्रमाण सारखं धरता येईल का. हे कोणी पुस्तकातून विचारलं नव्हतं, तो माणूसही इकडचाच असणार. भाची त्या दिवशी घरी आली ती इतकी खूश होऊन की जेवताना तेच बोलत होती.

जाता जाता धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांचं मनात येतं. आमच्या भाचीला चोपड्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येत होतं, चार प्रशाळांत चार वेळा जाता आलं, एकदा चुकलं तर मामा होता दुसऱ्यांदा विचारायला. सातपुड्यातल्या एखाद्या पोराला एकदा बांभोरीला यायचं म्हणजे मुक्काम आला, भाडं आलं. त्याला पहिल्याच फेरीत बरोबर दार सापडलं पाहिजे. म्हणून मी आमच्या वाचनालयात दाराजवळ एक फळा लावलाय, त्यावर चार विद्याशाखा आणि प्रत्येकीत कोणते विषय ते लिहून ठेवलंय, आणि आंतरविद्याशाखीयच्या खाली लाल खडूने, विज्ञानाचा मिश्र विषय असेल तर इथे नाही, आपल्या एमएस्सीच्या विषयात जा आणि सहमार्गदर्शक माग. खडू पुसला जातो म्हणून दर सोमवारी परत लिहितो. मागच्या महिन्यात नवापूरकडची एक मुलगी, आमच्याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी, तो फळा बघून फोटो काढून घेऊन गेली.

परवा दाजींचा फोन आला होता. कापणी सुरू झालेली, मशीनवाला धागा काढायला येऊन गेलेला, मागे चोथ्याचा ढीग. मला म्हणाले, “मंग हाऊ चोथा ठेवू का फेकू?” मी म्हटलं मला नका विचारू, पोरीला विचारा. तिने सांगितलं की बारदानात भरा, प्रत्येक बारदानावर कापणीची तारीख आणि वावराचं नाव लिहा, आणि गच्चीवर पातळ पसरून वाळवा, ढीग करू नका. दाजी आता खडूने तारखा लिहीत बसलेत.